रोख नको म्हटल्यानंतरचे सोळा महिने

मार्च २०२२ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या ठाण्याच्या घरातील कपाटात, चादरींच्या घडीखाली, एक खाकी पाकीट ठेवलेले होते आणि त्यात एक लाख रुपये रोख होते. वाशीच्या घराचा तो बयाणा होता. इस्टेट एजंट दुपारी येऊन ते देऊन गेला, आम्ही त्याला चहा दिला, आणि पंचाण्णव लाखांना सौदा ठरला. पासष्ट लाख चेकने आणि तीस लाख रोख. करारात अर्थातच पासष्टच लिहिले जाणार होते. पुण्यातील धाकट्या भावाने फोनवरून होकार दिला होता, ह्यांनीही मान डोलावली होती, आणि मीही काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन होते, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. पापकबुलीची प्रार्थना मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. त्या दिवशी तिच्यातील पहिल्या ओळीनंतर माझा आवाज निघेना. कठड्याशी जाऊन गुडघे टेकण्याची वेळ आली तेव्हा माझ्या रांगेतील सगळ्या बायका उठल्या आणि मी बाकावर बसून राहिले. कोणी काही विचारले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने मात्र माझ्याकडे पाहिले. तिला कपाटातील पाकीट ठाऊक होते.

मी जे सांगणार आहे ते त्या बाकापासून सुरू होते. देवाच्या मागे विश्वासूपणे चालणाऱ्याला प्रतिफळ मिळते हे मी वर्गात संडे स्कूलच्या मुलांना वीस वर्षे शिकवीत आले होते. त्या प्रतिफळाचा अर्थ मात्र मला पन्नाशी ओलांडल्यावर, एक घर विकताना, शिकावा लागला.

वाशीचे ते घर वडिलांनी १९८४ साली घेतले. नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आले. सिडकोच्या त्या दोन खोल्यांत त्यांनी आम्हा दोघा भावंडांना वाढवले. तेव्हा वाशीला गाडी नव्हती. रेल्वे यायला १९९२ उजाडले, आणि तोवर मुंबईला जायचे म्हणजे खाडीपुलावरून बसने जायचे. पगाराच्या दिवशी वडील घरी आले की हातपाय धुऊन आधी स्वयंपाकघरातील फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढीत आणि पगाराचा दहावा भाग मोजून त्यात ठेवीत. मग बाकीचे पैसे आईच्या हाती देत. महिनाअखेरीला घरात साखर संपली तरी त्या डब्याला हात लागत नसे. २०१९ साली ते मृत्युपत्र न करताच गेले. भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती माणसाच्या मागे त्याची विधवा आणि मुले असतील तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान मिळते. त्यामुळे आई, भाऊ आणि मी असे आम्ही तिघे सारख्याच वाट्याचे धनी झालो. हा हिशेब पुढे माझ्या जिवाला फार लागला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आणि हे एजंटच्या कार्यालयात गेलो आणि पाकीट परत केले. आम्हाला संपूर्ण रक्कम चेकने किंवा बँकेतूनच हवी, असे मी सांगितले. एजंटने शांतपणे समजावून पाहिले. मी त्याला कायदा सांगितला. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. तो म्हणाला, "मॅडम, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे." त्याचे बरोबर होते. मला कायद्याची भीती वाटली म्हणून मी गेले नव्हते, आणि कायद्याच्या आडून बोलण्यात थोडा भित्रेपणाही होता. मग मी सरळ सांगितले की हे पैसे घरात असताना मला प्रार्थना करता येत नाही.

गिऱ्हाईक तिथेच बसले होते. वयस्कर गृहस्थ होते, व्यापारी होते, आणि शब्दाला जपणारे असावेत. ते म्हणाले, "ख्रिस्ती माणसे शब्दाची पक्की असतात असे आम्ही ऐकून होतो." ह्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. स्वतःच्या नुकसानीची असली तरी वाहिलेली शपथ न मोडणारा माणूस देवाच्या मंडपात राहील, असे पंधराव्या स्तोत्रात म्हटले आहे, आणि मी तर शब्द मोडायलाच तिथे आले होते. खोटे लिहिण्याचा शब्द पाळणे हे आणखी एक पाप झाले असते, ही गोष्ट खरी आहे. पण तो शब्द मी मुळात द्यायलाच नको होता. विश्वासूपणाची माझी सुरुवात अशी एका माणसाला फसवल्यासारखे वाटायला लावून झाली. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली की नाही, हे मला कळले नाही.

भावाचा फोन रात्री आला. त्याच्या मुलाचे अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष सुरू व्हायचे होते आणि त्याने त्या पैशांवर भिस्त ठेवली होती. "ताई, तुझ्या विवेकबुद्धीची किंमत मी का भरायची?" असे तो म्हणाला. तो रागात बोलला असला तरी प्रश्न खोटा नव्हता. घर एकटीचे असते तर मी माझे नुकसान सोसले असते आणि त्याला धर्म म्हटले असते. इथे एक तृतीयांश नुकसान त्याचे होणार होते आणि त्याने ते मागितले नव्हते. मी आठवडाभर ह्यावर विचार केला. शेवटी त्याला कळवले की सौद्यात जे कमी पडेल त्यातील तुझा वाटा मी माझ्या हिश्श्यातून भरून देईन. त्याने "बघू" एवढेच म्हटले.

पुढचे काही महिने सांगण्यासारखे फारसे नाही. एजंट घर दाखवायला येत, "पूर्ण चेक" हा शब्द ऐकत, आणि पुन्हा फोन करीत नसत. संपूर्ण रक्कम बँकेतून द्यायला तयार असलेल्या दोघांनी अठ्ठ्याहत्तर आणि ऐंशी लाख सांगितले. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून गळती सुरू झाली, भिंतीचा गिलावा पडला आणि दुरुस्तीला चाळीस हजार गेले. रिकाम्या घराचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर चुकत नव्हताच.

ह्या काळात मी जी प्रार्थना करीत होते तिच्याविषयी मला मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण माझ्यासारखे पुष्कळ विश्वासणारे तीच प्रार्थना करीत असतील. "प्रभू, मी तुझ्यासाठी तीस लाख रोख नाकारले आहेत, आता तू शंभर लाखांचे गिऱ्हाईक पाठव," असे शब्द मी कधी उच्चारले नाहीत, पण मनातील मागणी तीच होती. घरोघरीच्या प्रार्थनासभेत एका भगिनीने मला धीर देताना मार्काच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातील अभिवचन सांगितले. ख्रिस्तासाठी ज्याने घर किंवा शेत सोडले त्याला शंभरपट मिळेल, असे त्यात आहे. मी घरी येऊन ते वचन उघडले. तिसाव्या ओवीत शंभरपट घरे, बहीणभाऊ, शेते ह्यांच्या मांडणीतच "छळणुकीबरोबर" असा शब्द आहे. तो शब्द मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा वाचला असेल आणि एकदाही त्यावर थांबले नव्हते. त्या भगिनीचा हेतू अत्यंत चांगला होता. पण प्रतिफळाचे वचन मध्येच तोडून वाचले की त्याची लॉटरीची सोडत होते, आणि मग गिऱ्हाईक न आले की माणसाला देवाचा राग येतो. मला तो आला होता.

त्या वर्षी नाताळला भाऊ आला नाही. मुलाची फी भरायला त्याने शैक्षणिक कर्ज काढले होते. आईने दरवर्षीसारख्या करंज्या केल्या आणि त्याच्या वाटच्या एका डब्यात भरून ठेवल्या. त्या संक्रांतीपर्यंत तशाच राहिल्या.

आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. ती केडगावच्या बाजूची, म्हणून पंडिता रमाबाईंचा विषय तिच्या बोलण्यात नेहमी येतो. एका रात्री मी तिच्या पायाला तेल लावीत असताना तिला म्हटले, "आई, मी चुकले तर नाही ना? देवाने काहीच दिले नाही." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रमाबाईंनी काय कमी केलं होतं? दुष्काळातल्या पोरी गोळा केल्या, त्यांना शिकवलं, अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायला बसल्या. आणि १९२१ ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक. पुढच्या साली ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या. त्यांना काय मिळालं म्हणशील?" मी म्हटले, "तूच सांग." ती म्हणाली, "मला नाही सांगता येत. पण शेवटपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही. ज्याला काही मिळालेलं नसतं तो माणूस असा टिकत नाही."

२०२३ चा उपवासकाळ २२ फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी सुरू झाला. त्या चाळीस दिवसांत रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी मी उत्पत्तीचे पुस्तक वाचायला घेतले. कारण साधे होते. आमच्या मंडळीच्या वाचनक्रमात ते होते. चौदाव्या अध्यायात अब्राम तीनशे अठरा माणसे घेऊन राजांच्या पाठलागावर जातो, आपला पुतण्या लोट आणि लुटलेली मालमत्ता ह्यांना सोडवून आणतो, आणि परतताना देवाचा याजक मलकीसदेक त्याला भेटतो तेव्हा सगळ्याचा दहावा भाग त्याला देतो. सदोमाचा राजा मग म्हणतो की माणसे मला दे आणि माल तू ठेव. अब्राम नकार देतो. सुतळी किंवा जोड्याचा बंददेखील मी घेणार नाही, नाही तर अब्रामाला मी धनवान केले असे तू म्हणशील, असे तो सांगतो. अध्याय इथे संपतो आणि आपण बहुधा पुस्तक मिटतो. मीही आजवर मिटत आले होते. त्या सकाळी गाडीला वेळ होता म्हणून मी पान उलटले, आणि पंधरावा अध्याय "ह्या गोष्टी घडल्यावर" अशा शब्दांनी सुरू होतो हे मला प्रथमच दिसले. कोणत्या गोष्टी? लूट नाकारल्याच्या. आणि त्यानंतर परमेश्वराचे वचन येते, की अब्रामा, भिऊ नकोस, मी तुझी ढाल आहे, तुझे प्रतिफळ अतिशय मोठे आहे.

मी हे पाळकसाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की मूळ इब्री शब्दरचना अशी आहे की काही भाषांतरांत देव स्वतःच प्रतिफळ होतो, तर काहींत प्रतिफळ मोठे असेल असे अभिवचन होते, आणि तिथे वापरलेला शब्द मजुरीसाठी वापरला जाणारा साधा शब्द आहे. मला पहिला अर्थ भावला, आणि दुसऱ्याने माझे मन दुखावले नाही. पण मला धरून ठेवले ते पुढच्या ओवीने. एवढे मोठे वचन ऐकल्यावर अब्राम आभार मानीत नाही. तो म्हणतो, प्रभो, तू मला काय देणार? मी तर निःसंतान चाललो आहे. म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या पित्यानेही देवाला हिशेब विचारला होता. देव त्याच्यावर रागावला नाही. त्याने त्याला बाहेर नेले आणि तारे दाखवले. मूल मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले.

त्या दिवशी वर्गात मुले येण्यापूर्वी मी खुर्चीवर बसून पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. "प्रभू, तू मला काय देणार? भाऊ बोलत नाही, भिंत गळते आहे, आणि मी थकले आहे." तिच्यात अट नव्हती आणि शोभेचा शब्दही नव्हता. एका वर्षापूर्वी त्या बाकावर बसून जी प्रार्थना अडकली होती ती तिथे सुटली. हे मी प्रतिफळात मोजते, आणि आता ते पहिल्या क्रमांकावर मोजते.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय मी नंतर पुन्हा वाचला. देव आहे आणि त्याचा शोध घेणाऱ्यांना तो प्रतिफळ देतो असा विश्वास धरला पाहिजे, असे सहावी ओवी सांगते. त्याच अध्यायाच्या शेवटी धोंडमार झालेले, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून हिंडणारे लोक आहेत, आणि विश्वासाविषयी साक्ष मिळालेल्या ह्या सर्वांना वचनफळ प्राप्त झाले नाही असे स्पष्ट म्हटले आहे. दोन्ही विधाने एकाच अध्यायात शेजारी ठेवण्याचे धैर्य ज्याच्यापाशी होते त्याला प्रतिफळाविषयी आपल्यापेक्षा अधिक कळत होते, एवढे मी खात्रीने म्हणेन.

पुनरुत्थानदिन, म्हणजे ईस्टर, ९ एप्रिलला होता. त्यानंतर दोन आठवड्यांनी एक तरुण जोडपे घर पाहायला आले. दोघेही साताऱ्याकडचे होते. ती नेरुळच्या एका रुग्णालयात परिचारिका होती आणि तो तुर्भ्याच्या बाजार समितीत एका पेढीवर हिशेब लिहीत असे. त्यांनी गळतीचा डाग पाहिला, खिडकीतून खाली पाहिले आणि आपसात बोलले. मग ती अवघडून म्हणाली, "काकू, आम्ही सगळे चेकनेच देऊ शकतो. रोख आमच्याकडे नाही. आमचा सगळा पैसा पगाराचा आणि बँकेच्या कर्जाचा आहे." दोन वर्षे ती घर शोधीत होती. बँक करारात लिहिलेल्या किमतीवर कर्ज देते, आणि विकणारे वीस-पंचवीस लाख वेगळे रोख मागतात, म्हणून प्रत्येक ठिकाणाहून त्यांना परत फिरावे लागले होते.

मी तिला बसायला सांगितले आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. तेरा महिने मी माझ्या नुकसानीचा विचार करीत होते. काळ्या पैशाच्या त्या रीतीने पगारदार माणसाला घराच्या दारातूनच परत पाठवले जाते, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी पाप टाळले, असे मी समजत होते. कोणाचा रस्ता मोकळा ठेवला, हे मला माहीत नव्हते.

चौऱ्याऐंशी लाखांना व्यवहार ठरला. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागले, शिवाय सोसायटीचे ना हरकत पत्र आणि वारसांची कागदपत्रे. ह्या सगळ्यात जुलै उजाडला. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून त्यांनी एक टक्का कर कापून भरला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आईचा अंगठा यंत्रावर नीट उमटेना, तेव्हा त्या मुलीने तिचा हात आपल्या ओढणीने पुसून तीन वेळा ठेवला. पूर्ण रक्कम कागदावर असल्याने आम्हाला भांडवली नफ्यावरील करही पूर्ण भरावा लागला. तो मी भरला, आणि ते चलन वडिलांच्या कागदांच्या फाईलमध्ये ठेवले.

आईने आपल्या अठ्ठावीस लाखांतून दहावा भाग, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार, मंडळीला चेकने दिला आणि पावती मागून घेतली. मी भावाच्या खात्यात चार लाख जमा केले. त्याने ते घेतले. मनात कुठेतरी, तो "राहू दे ताई" म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला नाही, आणि मला दोन दिवस वाईट वाटले. पण शब्द दिला होता, आणि ह्या वेळी तो पाळण्यासारखा होता. २०२३ च्या नाताळला तो सहकुटुंब आला. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन त्याने आईला करंज्या कुठे आहेत ते विचारले. तू बरोबर होतीस असे त्याने मला आजवर म्हटलेले नाही आणि मीही त्याची वाट पाहत नाही. माझ्या मुलीने मात्र त्याच आर्थिक वर्षाअखेरीला एका रात्री जेवताना सहज सांगितले की ऐरोलीच्या तिच्या कंपनीत सगळे जण कर वाचवायला खोट्या भाडेपावत्या देतात, आणि ह्या वर्षी तिने दिल्या नाहीत. तिचा पगार त्या महिन्यात बराच कमी आला होता. मी तिला भाजी वाढली. मला बोलता येत नव्हते.

आता एवढेच सांगायचे राहिले. त्या जोडप्याने दसऱ्याच्या सुमारास वास्तुशांत केली आणि आम्हाला आग्रहाने बोलावले. आईला जिने चढवतील का ही मला शंका होती, पण तिने नवे लुगडे नेसून सकाळपासून तयारी केली होती. घर रंगवलेले होते. गळतीचा डाग दिसत नव्हता. आई हळूहळू चालत स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. जिथे वडिलांची फळी होती तिथे त्यांनी आपला छोटा देव्हारा बसवला होता. त्या मुलीला काय वाटले कोण जाणे, ती गडबडून म्हणाली, "आजी, इथे तुमचे काही होते का?" आई म्हणाली, "ह्यांचा एक डबा असायचा."

मग ती मुलगी आईजवळ स्टुलावर बसली, आणि आईने तिला सगळे सांगितले, कारखान्यातील पहिल्या पगारापासून. बाहेर पाहुण्यांची पंगत उठली, दुसरी बसली, तरी दोघी आतच होत्या. आम्हाला वाशीहून ठाण्याची गाडी मिळाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.